बसक्या डोंगराला सर्दी झाली तेव्हा

एक होता डोंगर. हो, डोंगरच. राजांच्या गोष्टी पुष्कळ झाल्या, आणि राजानं उभ्या जन्मात एक पाटी शेण उचललेलं नसतं. म्हणून आज राजा नाही. आज डोंगर, डोंगराखाली एक वस्ती, आणि त्या वस्तीवर शेण उचलणारी एक पोरगी. जागे आहात ना सगळे? पाय पोटाशी घ्या बरं. फरशी गार आहे.

तर हा डोंगर दिसायचा बसलेल्या बैलासारखा. पुढचे पाय मुडपून पोटाखाली घेतलेले. मान पुढे टाकलेली. खाली नाकाच्या जागी दोन गुहा, अगदी शेजारी शेजारी. आणि सगळ्यात वर, खांद्याच्या जागी, गोल गरगरीत वशिंड. लोक त्याला म्हणायचे बसक्या. तो कधी उठला नव्हता, म्हणून लोकांना वाटायचं तो दगडाचा आहे. लोकांना काय, काहीही वाटतं.

बसक्याच्या नाकासमोर ठकीची वस्ती. घर लहान, गोठा मोठा. गोठ्यात होता डवऱ्या नावाचा म्हातारा बैल. होती पवळी गाय, गाभण, दिवस भरत आलेले. होती टिकली शेळी, अकरा कोंबड्या आणि स्वतःला पाटील समजणारा एक कोंबडा. आणि घरात? घरात होते ठकीचे आबा, म्हणजे आजोबा. ठकीचे नवसूकाका. आणि ठकीची यमाआत्या. आई नव्हती, दोन वर्षांपूर्वी तापात गेली. बाप तर ठकीला आठवतही नव्हता.

मग वस्तीवरची कामं कोण करायचं? ओळखा बघू. आबा? छे. काका? त्यांची कंबर दुखायची. आत्या? तिला कामाचं नाव काढलं की ढेकर यायची. मग कोण उरलं? बरोबर. ठकी.

ठकी चौदा वर्षांची होती. हाताला भेगा, पायाला भेगा, आणि गालाला एकच खळी. थंडीचे दिवस आले की गावातली पोरं पांघरुणात शिरतात आणि ठकी पांघरुणातून बाहेर यायची. तांबडं फुटायच्या आधी गोठ्यात. पहिलं काम काय करायची, सांगा? शेण काढायची? नाही. आधी प्रत्येकाच्या कानाला हात लावायची. कान ऊबदार म्हणजे जनावर ठीक. कान गार म्हणजे काहीतरी बिनसलंय. हे तिला आईनं शिकवलं होतं. मग शेण. मग ओली जागा खरवडून तिथं चुलीतली राख, आणि राखेवर सुका पेंढा, म्हणजे बसल्यावर पोटाला गारठा लागत नाही. मग पाणी. थंडीत गार पाणी जनावर नुसतं हुंगतं आणि तोंड फिरवतं, म्हणून ठकी हंडाभर पाणी कोमट करून द्यायची. पवळीला भरडा, शेळीला पाला, कोंबड्यांना दाणे. डवऱ्याच्या पाठीवर गोणपाटाची झूल. ती रोज रात्री घालायची आणि सकाळी ऊन आलं की काढायची, नाहीतर अंगाला वास मारतो. हे सगळं करताना ती गुणगुणायची, तेही बेसूर. पण जनावरांनी कधी तक्रार केली नाही. तक्रार करायची माणसं.

"ठके, चहाला किती उशीर?"

"ठके, शेकोटीत लाकूड सरकव."

"ठके, आमच्या टायमाला याच्या दुप्पट काम हुतं, बरं का!"

असे तिघं शेकोटीभोवती बसलेले. म्हातारी माणसं शहाणी असतात असं तुम्हाला कुणी सांगितलं? नीट आठवा. म्हाताऱ्या माणसांनीच सांगितलं असेल.

आणि कशावर बसलेले माहीत आहे का? गाद्यांवर. तीन नव्या, फुगलेल्या गाद्यांवर. त्याचं असं झालं. दिवाळी सरली की बसक्यावरचं गवत कापायचं, गंजी लावायची, वर्षभर जनावरांना घालायचं, ही तिथली रीत. ठकीची आई पायथ्यापासून कापत कापत वर जायची आणि वशिंडापाशी आली की विळा कमरेला खोचायची. वशिंडावरचं गवत कधी कापायची नाही. ते सगळ्यांत मऊ, सोनेरी, कमरेएवढं उंच. या वर्षी यमाआत्या म्हणाली, "जुन्या गादीत हाडं टोचत्यात. मला मऊ गादी पायजे." मग काकांनाही पाहिजे झाली. मग आबांनाही.

"वशिंडावरचं गवत आण," आबा म्हणाले.

"आई ते ठेवत हुती आबा," ठकी म्हणाली.

"तुझी आई आळशी हुती. वरपत्तुर चढायचा कट्टाळा. म्हनून ठेवत हुती."

ठकीला ते लागलं. खूप लागलं. पण मोठ्यांपुढं बोलायचं नाही असं तिला लहानपणापासून सांगितलेलं, आणि ते सांगणारे कोण, तर तेच मोठे. ती गेली. वशिंडावरचं सगळं गवत कापलं, भारे बांधले, खाली आणले, तीन गाद्या भरून दिल्या. वशिंड पार बोडकं झालं.

इथपर्यंत लक्षात आलं ना? मग पुढं ऐका.

पौष महिना लागला. एका सकाळी ठकी पवळीच्या कानाला हात लावून उभी होती, तेवढ्यात डोंगराकडून आवाज आला. आधी लांब, कुणीतरी श्वास आत ओढतंय असा. आणि मग...

आऽऽऽक् छीऽऽऽ!

बसक्या शिंकला. दोन्ही गुहांमधून पांढरा वारा सुटला, शेतावरून सपासप आला आणि हंड्यातलं पाणी जागच्या जागी गोठलं. ठकी बोट बुडवायला गेली तर टक् असा आवाज झाला.

दुसऱ्या सकाळी तो पुन्हा शिंकला. या वेळी दूध गोठलं. ठकी टिकलीची धार काढत होती, तर धारा चरवीत पडताना सुयांसारख्या वाजू लागल्या. टण टण टण.

तिसऱ्या सकाळी तो इतक्या जोरात शिंकला की चुलीचा धूर गोठला. छपरातून वर निघालेला धूर तसाच उभा राहिला, खांबासारखा, आणि एक कावळा येऊन त्याच्या टोकावर बसला. कोंबडा आरवायला गेला, तर चोचीतून नुसती वाफ. बिचाऱ्याची पाटीलकीच गेली.

आता मात्र शेकोटीपाशी हालचाल झाली. म्हणजे कुणी उठलं नाही. बोलायला लागले.

"डोंगर कोपला," आबा म्हणाले. "त्याला बैल द्याया लागंल. डवऱ्याला वर न्या, वशिंडावर बांधा आन् माघारी या. थंडी हटंल."

"बरुबर," काका म्हणाले. "न्हाईतरी त्यो नुसता खातो. म्हातारं झालेलं जनावर, काय उपेग त्याचा?"

"म्हातारं झालं म्हंजे संपलंच की," आबांनी मान डोलावली.

हे कोण म्हणालं? आबा. वय वर्षं ऐंशी.

ठकीच्या हातातली पाटी खाली पडली. डवऱ्या! ज्यानं बारा वर्षं ती शेतं नांगरली, त्याच शेतांचा भात हे तिघं गादीवर बसून खात होते. ज्याच्या पोटाला टेकून ठकी चालायला शिकली. आई गेली त्या दिवशी घरात सगळे मोठ्यानं रडत होते आणि ठकीला कुणी जवळ घेतलं नव्हतं, तेव्हा ती ज्याच्या मानेला मिठी मारून उभी राहिली होती, तो डवऱ्या. त्याला डोंगराच्या टोकावर, त्या गारठ्यात, एकटा बांधून यायचं?

ठकी पहिल्यांदा मोठ्यांपुढं बोलली.

"डोंगर कोपला न्हाई, आबा. त्याला सर्दी झालीया."

"काय झालीया?"

"सर्दी. कोपलेलं जनावर खूर आपटतं. डोळं वटारतं. शिंकत न्हाई. शिंकतं ते आजारी असतं."

काका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "ऐका! डोंगराला सर्दी! आता त्याचं नाक पुसाया जा पदरानं!"

"कान लावून ऐका की. नाक वाजतंय त्याचं."

पण कान लावायला गादीवरून उठून अंगणात जावं लागलं असतं. कोण जातंय!

"मला दोन दिस द्या," ठकी म्हणाली. "मी त्याला बरा करते. न्हाई झाला तर..."

"दिलं," आबा म्हणाले. "तिसऱ्या दिशी उन्हं वर आली की डवऱ्या वर."

मग ठकी कामाला लागली. रोजची सगळी कामं होतीच हं. ती कुणी केली नसती. ती उरकून हे वरचं काम.

पहिल्या दिवशी तिनं काढा केला. जनावराला सर्दी झाली की देतात तो. आलं ठेचलं, ओवा टाकला, मिरी टाकली, गुळाचा खडा टाकला आणि मोठा हंडाभर उकळला. हंडा डोक्यावर घेतला, बांबूची नळी कमरेला खोचली आणि गेली बसक्याच्या तोंडाशी. गुहांच्या खाली एक आडवी भेग होती, ओठ मिटल्यासारखी. ठकीनं नळीचं टोक भेगेच्या कडेला घातलं. मधोमध घालायचं नाही बरं का, काढा नाकात जातो आणि ठसका लागतो. गालाच्या बाजूनं, हळूहळू. "घे राजा, घे," असं म्हणत तिनं सगळा हंडा ओतला. आणि डोंगराच्या आत, खूप खोल, आवाज झाला. गुडुक.

दुसऱ्या सकाळी शिंक आली, पण निम्मीच. दूध गोठलं नाही. पाणी तेवढं गोठलं.

"बघा, उतार पडला!" ठकी म्हणाली.

"आपोआप पडला," आत्या म्हणाली. "चा आण."

दुसऱ्या दिवशी ठकीनं धुरी केली. शेणीचा निखारा घमेल्यात घेतला, वर ओवा आणि कडुनिंबाचा पाला टाकला आणि घमेलं दोन्ही गुहांच्या मधे ठेवून सुपानं वारा घातला. धूर आत गेला. आतून आधी तीनशे वटवाघळं बाहेर पडली, कुरकुर करत. मग मोठा, लांबलचक श्वास बाहेर आला. त्याला ओल्या गवताचा वास होता. नाक मोकळं झालं! दिवसभर एक शिंक नाही. ठकी इतकी खूश झाली की तिनं घरी येऊन डवऱ्याला गुळाचा खडा दिला.

पण तिसऱ्या सकाळी...

तिसऱ्या सकाळी शिंक आली नाही. त्याहून वाईट झालं. भांडी वाजू लागली. फळीवरची ताटं, खुंटीवरचा कंदील, गोठ्यातली दावी, सगळं थरथरायला लागलं. डोंगर कापत होता. थंडीनं, नखशिखांत. पवळी उभी राही, बसे, पुन्हा उभी राही. तिची वेळ जवळ आली होती, आणि अशा गारठ्यात वासरू जन्मलं तर जगायचं नाही, हे ठकीला पक्कं माहीत होतं.

"झाला का बरा तुझा डोंगर?" काका म्हणाले आणि त्यांनी काठी उचलली. "सोड बैलाला."

"काठी ठेवा काका. त्यो माझ्यामागं येतो."

ठकीनं डवऱ्याचं दावं सोडलं. त्याच्या पाठीवरची गोणपाटाची झूल तशीच राहू दिली. पुढं ठकी, मागं डवऱ्या. तिघं मोठे अंगणापर्यंत आले, तेही गाद्या काखेत घेऊन आणि पुन्हा त्यांच्यावरच बसायला. "आम्ही हितूनच हात जोडतो," आबा म्हणाले.

चढ मोठा होता. डवऱ्या चार पावलं चालायचा, थांबायचा, धापा टाकायचा. तो थांबला की ठकीही थांबायची. त्याच्या कपाळावर कपाळ टेकवायची. पुन्हा चार पावलं. तिला रडू येत होतं आणि आलेलं पाणी गालावरच गोठत होतं, म्हणून तिनं रडणं थांबवलं. परवडत नव्हतं.

असे ते वशिंडावर पोचले. तिथं गवत नव्हतं. नुसती खुंटं. बोटभर बोटभर उंचीची, पांढऱ्या दहिवरानं माखलेली, सगळी ताठ उभी. ठकी बांधायला दगड शोधू लागली, एवढ्यात डवऱ्यानं तिच्या हातातलं दावं हळूच ओढून घेतलं. तो पुढं गेला, खुंटं हुंगली आणि जीभ बाहेर काढून चाटायला लागला. एकेक जागा. सावकाश. पवळीचं वासरू आजारी असलं की तो असंच चाटायचा.

ठकीनं खाली वाकून खुंटांवर तळवा ठेवला, जसा ती रोज कानावर ठेवायची. बर्फासारखं गार. आणि ती खुंटं म्हणजे अगदी थंडी वाजलेल्या जनावराच्या अंगावरचे केस. उभे. ताठ.

मग तिला कळलं. काढा दिला, धुरी दिली, आणि जनावर मात्र उघडं! पाठीवरची झूलच काढून घेतलेली! कुणी काढली? तिनंच. तिच्याच विळ्यानं. बाराही महिने बिनबोभाट बसून राहणाऱ्या डोंगराच्या अंगावर एवढं एकच पांघरूण होतं, आणि ते आता तिघांच्या बुडाखाली होतं.

आई आळशी नव्हती. आई इथं येऊन थांबायची, कारण आईला माहीत होतं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही, कारण त्या घरात तिचं ऐकायचं कोण?

ठकी मटकन खाली बसली. पण बसून राहणाऱ्यातली ती नव्हतीच. उठली. डवऱ्याच्या पाठीवरचं गोणपाट काढून वशिंडावर टाकलं. एवढ्या डोंगराला ते रुमालाएवढं. मग डवऱ्या काय करतो? तो बसला. वशिंडाला पोट लावून, चारही पाय दुमडून, ऐटीत बसला आणि ठकीकडे बघून कान हलवला. जा म्हणाला. मी आहे इथं.

ठकी उतरली की धावली ते देवच जाणे. अंगणात आली तेव्हा तिघं तिथंच बसलेले.

"सोडलास? शाबास," आबा म्हणाले. "आता शानी झालीस."

"उठा," ठकी म्हणाली.

"आँ?"

"उठा. तिघंबी. मला गाद्या पायजेत."

"कुनाला सांगतीस उठा?" आबांचा आवाज चढला. "मोठ्यांना? पाप लागंल, पाप!"

"लागू द्या. माझ्या आईला आळशी म्हनताना तुमाला लागलं न्हाई, मला एवढ्यानं काय लागतंय?"

"आगं माझी हाडं!" आत्यानं गादीला मिठी मारली.

"त्याची पाठ!" ठकी म्हणाली, आणि तिनं गादी ओढली.

आता बघा. जे हात रोज वीस पाट्या शेण उचलतात, शंभर शेणी थापतात, विहिरीतून पंधरा बादल्या शेंदतात, त्या हातांपुढं बसून राहिलेल्या माणसांचं काय चालणार? आत्या घरंगळत गेली ती थेट कोंबड्यांच्या खुराड्यापाशी, पदराखाली काहीतरी फुगीर घट्ट धरून. काका आपणहून बाजूला झाले. आबा तेवढे म्हणाले, "मी घरातला मोठा हाय." ठकीनं त्यांना काखेत हात घालून उचललं, अलगद, करडू उचलतात तसं, आणि ओट्यावर ठेवलं. नीट ठेवलं हं. आपटलं नाही. पोरगी चांगली होती.

मग एक गादी डोक्यावर, आणि वर. पुन्हा खाली. दुसरी गादी, आणि वर. पुन्हा खाली. तिसरी गादी. तीन खेपा! आपण इथून अंगणात पाणी आणायला सांगितलं तर किती कुरकुर करतो, आणि ही पोरगी तीन वेळा आख्खा डोंगर चढली. न जेवता. उन्हं डोक्यावर आली तेव्हा तिनं वशिंडावर उभं राहून विळा काढला. तोच विळा. ज्यानं कापलं त्यानंच गाद्या फाडल्या, आणि दोन्ही हातांनी गवत उधळलं.

तुम्ही म्हणाल, वाऱ्यानं उडून गेलं असेल. मलाही तसंच वाटलं असतं. पण नाही. गवताची एक काडी हवेत गिरकी घेऊन खाली आली आणि आपल्या खुंटावर जाऊन उभी राहिली. मग दुसरी. मग शंभर. मग हजार. प्रत्येक काडीला आपलं घर माहीत होतं. वाळलेली होती, पण ज्या अंगावरची होती त्या अंगावर परत चिकटली. सरसर, सरसर, सगळं वशिंड सोनेरी झालं. थरथर कमी झाली. आणखी कमी झाली.

पण थांबली नाही. का बरं?

ठकीनं सगळीकडे फिरून बघितलं. डवऱ्या बसला होता तिथं, त्याच्या पोटाखाली, एवढासा तुकडा बोडका राहिला होता, आणि गवत तर संपलं होतं. उशीएवढा. डवऱ्या तो तुकडा झाकून बसला होता आणि उठत नव्हता. तो उठला की डोंगर पुन्हा जोरात कापायला लागणार. बसून राहिला तर तोच गारठून मरणार.

उशीएवढा. ठकीला आत्याचा फुगलेला पदर आठवला, आणि ती ओरडली. थेट खालपर्यंत ऐकू जाईल अशी.

"आत्याऽऽ! उशीऽऽ!"

खालून बारीक आवाज आला. "कसली उशीऽऽ?"

"पदराखाली हाय तीऽऽ!"

"माझ्या पदराखाली कायबी न्हाईऽऽ!"

तेवढ्यात बसक्यानं श्वास आत ओढला आणि एकच छोटीशी शिंक दिली. अगदी नेम धरून. पांढरा वारा सरळ अंगणात आला, आबांना लागला नाही, काकांना लागला नाही, आत्याच्या पदराला लागला आणि पदर पत्र्यासारखा ताठ उभा राहिला. खाली उशी. मऊ, सोनेरी, गुपचूप भरून घेतलेली.

"यमे!" आबा म्हणाले. आपल्या पोरीला ते पहिल्यांदाच काही बोलले.

"चढा आता वर!" ठकी ओरडली. "मी खाली येनार न्हाई. माझ्या तीन खेपा झाल्या. ही तुमची!"

आणि काय सांगू तुम्हाला. आत्या चढली. पंधरा वर्षांत ती परसापलीकडे गेली नव्हती, पण चढली. पुढं आत्या, उशी कवटाळून. मागून काका तिला ढकलतायत. त्यांच्या मागं आबा, काठी टेकत, दर दहा पावलांवर "आमच्या टायमाला हा डोंगर एवढा उंच नव्हता" असं म्हणत. दिवस कलायला लागला तेव्हा तिघं वर पोचले. तोंडातून शब्द फुटत नव्हता. मोठी शांतता होती. बरं वाटलं सगळ्यांना.

आत्यानं उशी पुढं केली. ठकीनं घेतली नाही, विळा पुढं केला. "तू फाड."

आत्यानं उशी फाडली. डवऱ्या उठला. आधी मागचे पाय, मग पुढचे, कसाबसा. शेवटच्या काड्या गिरक्या घेत आल्या आणि शेवटच्या खुंटांवर उभ्या राहिल्या.

मग बसक्यानं एक सुस्कारा टाकला. ऊबदार. गोठ्यात शिरल्यावर जनावरांच्या श्वासाचा असतो ना, तसा, वैरणीच्या वासाचा. तो वारा खाली शेतांवर पसरला. दहिवर विरघळलं. हंड्यातलं पाणी डुचमळलं. छपरावरचा धुराचा खांब वितळला, आणि त्यावर बसलेला कावळा बेसावध होता, तो धपकन कौलांवर पडला. कोंबड्यानं भर दुपार उलटल्यावर आरवून घेतलं, राहिलेलं सगळं. आणि खाली गोठ्यात पवळी व्याली. कालवड झाली. ठकी पळत आली तेव्हा ती उभी राहायची धडपड करत होती. ठकीनं आधी काय केलं असेल? बरोबर. कानाला हात लावला. ऊबदार.

डवऱ्याला गारठ्यानं नेलं नाही, डोंगरानं मागितलं नाही. तो आपल्या पायांनी परत आला. तरुण बिरुण झाला नाही हं. म्हातारा होता, म्हाताराच राहिला. पण वशिंडाला टेकलेल्या त्याच्या पोटावर सोनेरी केसांचा एक पट्टा आला, आणि त्या दिवसापासून त्याचं अंग शेकोटीसारखं ऊबदार झालं. त्याला थंडी म्हणून वाजेना. जो जवळ बसेल त्यालाही वाजेना.

आता घरात गाद्या उरल्या नव्हत्या. दिवेलागणीला तिघांची हाडं वाजायला लागली. शेकोटीनं पोट शेकतं, पाठ गार ती गारच. थोड्या वेळानं आबा गोठ्याच्या दारात आले. मागं काका. मागं आत्या. ठकी कालवडीला चीक पाजत होती.

"ठके," आबा म्हणाले. खाली बघून म्हणाले. "डवऱ्यापाशी... जागा हाय का गं?"

ठकीनं डवऱ्याकडे बघितलं. डवऱ्यानं शेपूट बाजूला घेतली. जनावराचं मन मोठं असतं.

"जागा हाय," ठकी म्हणाली. "पन आदी शेण काढा. मग राख टाका. राखेवर पेंढा. पाटी तिकडं हाय, खराटा हिकडं हाय."

आणि तिघांनी शेण काढलं. काकांची कंबर दुखली नाही. आत्याला ढेकर आली नाही. आबांनी खराटा उलटा धरला, तो ठकीनं सुलटा करून दिला. मग तिघं म्हातारे त्या म्हाताऱ्या बैलाच्या पाठीला पाठ लावून बसले. आबा हळूच म्हणाले, "तुझी आई आळशी नव्हती गं." ठकीनं एक गोणपाट आणलं आणि आबांच्या पायांवर टाकलं.

पुढं दर वर्षी ठकी गवत कापत कापत वर जायची आणि वशिंडापाशी आली की विळा कमरेला खोचायची. "हे आईचं," म्हणायची आणि खाली उतरायची. आणि तिची कालवड मोठी झाली, तिला वासरं झाली, आणि सगळी पोटभर खाऊन उबेत राहिली.

आता बसक्याची पाठ झाकली. डवऱ्याची झाकली. आबांचीसुद्धा झाकली. तुमच्या पाठीवरचं पांघरूण कुठं सरकलं, बघू? घ्या वर. खांद्यापर्यंत. कान दाखवा एकेकाचा. हं, ऊबदार आहेत. मग काळजी नाही. मिटा डोळे.